उलट्या चोचीचा पक्षी प्रथम कोणी पाहिला

ठाण्याच्या एका वकिलाने मला फसवले. पैशात नव्हे. पैशात मला फसवणारा माणूस कल्याणच्या गवतबाजारात अजून यायचा आहे. त्याने माझा पक्षी घेतला. मिठागरातला तो उलट्या चोचीचा पक्षी आमच्या मंडळींत सर्वांआधी मी पाहिला, आणि आज ठाण्याच्या कचेरीत कोणालाही विचारा, त्याला 'वकिलांचा पक्षी' म्हणतात.

मी हे रागाने लिहितो आहे असे कोणी म्हणेल. रागानेच लिहितो आहे. मत्सर म्हणाल तर तोही आहे, आणि तो मी लपवत नाही. इतकी वर्षे झाली तरी कार्तिक लागला, सकाळी गवतावर दव दिसू लागले, की त्या माणसाचा चेहरा आठवून माझा घास कडू होतो.

माझा जन्म पक्षी बघण्यासाठी झालेला नव्हता. मानपाड्याच्या कुरणात दुसऱ्याच्या विळ्याने दुसऱ्याचे गवत कापीत मी मोठा झालो. पुढे विळा माझा झाला, मग छकडा माझा झाला, आणि तिशी उलटायच्या आत मुंबईच्या तबेल्यांना जाणाऱ्या गवताचा सौदा माझ्याशिवाय होईनासा झाला. पक्ष्यांची ओळख मला त्या धंद्यानेच करून दिली. कुरण विकत घ्यायचे तर मालक कडेचे उभे, सोनेरी गवत दाखवतो. आत कुजलेले असते ते दाखवीत नाही. मी कडेकडेने न जाता सरळ आत शिरत असे आणि लावे कुठून उडतात ते बघत असे. लावा कोरड्या, उभ्या गवतात बसतो. जिथून एकही लावा उठला नाही, तिथले गवत आडवे पडून सडले आहे असे समजावे. हे मी कोणालाही सांगितले नाही. मालकांना वाटे, शेठच्या नाकाला वास येतो.

असाच एकदा डोंबिवलीजवळच्या एका कुरणात मी उभा असताना दोन पांढरपेशे गृहस्थ बांधावरून आले. एकाच्या हातात इंग्रजी पुस्तक, दुसऱ्याच्या हातात छत्री. पुस्तकवाले वकील होते, छत्रीवाले ठाण्याच्या शाळेतले मास्तर. समोर एक लहानसा पक्षी गात गात सरळ आभाळात चढत होता आणि दोघे पुस्तकाची पाने उलटत होते.

"चंडोल आहे तो," मी म्हटले. "आता दगडासारखा खाली पडेल, त्या वारुळाच्या डाव्या हाताला."

तो तिथेच पडला. मास्तरांनी छत्री मिटली आणि मला नमस्कार केला. आजवर मला पुष्कळ नमस्कार झाले होते, पण त्यांतल्या प्रत्येकामागे गवताचा भाव होता. बिनभावाचा तो पहिलाच.

दिवाळीनंतर दर रविवारी ही मंडळी बाहेर पडत. वकील, मास्तर आणि कचेरीतले दोन कारकून, असे चौघे. मी पाचवा झालो. मास्तरांचा एकच नियम होता, बंदूक आणायची नाही. ते म्हणत, "मारलेला पक्षी म्हणजे शिंप्याकडे टांगलेला अंगरखा. आत कोणी नसतं." फराळाचे ज्याचे त्याने आणायचे आणि जागा मिळेल तसे बसायचे. तरी सावलीतली जागा वकिलांना मिळे, हे मी पहिल्याच दिवशी पाहिले.

वकिलांची दुर्बीणही माझ्यामुळेच त्यांना मिळाली. बदली झालेल्या एका इंजिनेर साहेबाच्या सामानाचा लिलाव होता. वकिलांना दुर्बीण हवी होती, पण लिलावात तोंड उघडायला लाजत. मी त्यांच्या वतीने उभा राहिलो. काच जरा डागाळली आहे, पट्टा सडला आहे, असे मोठ्याने बोलत राहिलो, आणि शेवटी ती पडत्या भावात मिळवून त्यांच्या हातात दिली. त्या वेळी तीच दुर्बीण माझ्याकरिता घेण्याची बुद्धी मला झाली नाही. मला वाटे, माझे डोळे आहेत की. डोळ्यांनी पाहिलेल्याला साक्ष लागते आणि दुर्बिणीने पाहिलेल्याला लागत नाही, हे मला फार उशिरा कळले.

सुरुवातीला माझी एक खोड सर्वांना नडत असे. पक्षी दिसला की मी ओरडे. जन्म बाजारात गेलेला, हळू बोलायची सवय कुठून असणार? खाडीच्या काठी एकदा निळ्या पाठीचा मोठा खंड्या दहा हातांवर बसला होता. "तो बघा!" म्हणून मी हात केला आणि खंड्या गेला.

"अहो शेठ," मास्तर म्हणाले, "इथं गिऱ्हाईक नाही, पाखरू आहे. ओरडून येत नाही ते, जातं."

कारकून हसले. वकीलही हसले. मला राग आला, पण म्हणणे खरे होते. त्या रात्री मी तोड काढली आणि पुढच्या रविवारी वकिलांना सांगितली.

आमच्या बाजारात सौदा तोंडाने होत नाही. घेणारा आणि देणारा हातात हात घेतात, वर उपरणे टाकतात आणि खाली बोटे धरून भाव सांगतात. एक बोट धरले तर एक, पंजा धरला तर पाच. भोवती पन्नास माणसे उभी असोत, कोणाला अक्षर कळत नाही. याला आम्ही हत्ता म्हणतो. मी वकिलांना म्हटले, "तुम्ही माझ्या उजव्या हाताला उभे राहा. एक बोट धरलं तर समोर. दोन धरली तर डावीकडे, तीन धरली तर उजवीकडे. आणि सबंध पंजा दाबला तर समजा, असं काही आहे की जे आपण कधी पाहिलेलं नाही."

"वा शेठ," ते म्हणाले, "नामी युक्ती! आणि उपरणं?"

"माझं. तुमचं रेशमी आहे, चिखलात खराब व्हायचं."

त्यांची नजर अधू होती. दुर्बीण कोणीकडे लावावी हे दाखवणारा कोणीतरी त्यांना हवाच होता. मी बोट धरले की ते दुर्बीण उचलीत, क्षणभर बघत आणि हलक्या आवाजात मास्तरांना सांगत, "डावीकडे, बांधावर, धोबी पक्षी." मास्तर वळत, कारकून वळत, पक्षी जागचा हलत नसे. दोन हंगाम आम्ही असे काढले. "वकीलसाहेबांची काय नजर आहे!" असे कारकून म्हणू लागले. ते मी ऐकत होतो. मनात म्हणत होतो, हत्त्यात भाव कळतो तो दोघांनाच, आणि उपरणे काढल्यावर कोणी शब्द फिरवीत नाही. बाजारात मी पुष्कळ लबाड पाहिले; हत्त्यात दिलेल्या बोटाला नाही म्हणणारा एकही पाहिला नव्हता.

मग तो मार्गशीर्षातला रविवार आला. ठाण्याच्या खाडीकडची मिठागरे आम्ही बघायला गेलो होतो. पावसात फुटलेले बांध आगरी लोक दुरुस्त करीत होते आणि काही वाफ्यांत नुकते भरतीचे पाणी घेतले होते. वर धुक्याचा पातळ पडदा होता. मी आणि वकील एका बांधाआड उभे होतो, मास्तर आमच्या मागे. दूरच्या वाफ्यात बारीक तुतारी पक्ष्यांची झुंड चिखल टोचीत होती. त्यांच्या पलीकडे, घोटाभर पाण्यात, एक उंच पाखरू चालत होते. पांढरे स्वच्छ अंग, त्यावर काळे पट्टे, निळसर लांब पाय. ते चिखल टोचीत नव्हते. बाईने अंगण झाडावे तशी मान इकडून तिकडे फिरवीत चोचीने पाणी झाडीत होते. मग त्याने डोके वर केले आणि मला त्याची चोच दिसली. सुईसारखी बारीक, आणि टोकाशी वर वळलेली. खाली वळलेल्या चोची मी शेकड्यांनी पाहिल्या होत्या. वर वळलेली चोच म्हणजे देवाने घाईत उलटी बसवल्यासारखी.

मी उपरण्याखाली वकिलांचा पंजा धरला आणि इतक्या जोराने दाबला की त्यांनी "स्स्" केले. मग एक बोट. समोर.

त्यांनी दुर्बीण लावली. मग म्हणाले, "मास्तर, इकडे या. हळू. मला काहीतरी सापडलं आहे."

मला. हा शब्द मी तेव्हाच ऐकला होता. ऐकून सोडून दिला.

सगळ्यांनी दुर्बिणीतून पाहिले. मला शेवटी दिली, तोवर ते पाखरू गोड, उंच आवाज काढीत खाडीवर निघून गेले होते. मास्तरांनी वकिलांना मिठी मारली. तिथेच बांधावर बसून पुस्तक उघडले गेले आणि चित्र सापडले. फार लांबून, हिवाळ्यापुरते येणारे पाखरू, आणि आमच्यापैकी कोणी इकडे पाहिलेले नाही. परतताना छकड्यात वकिलांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि म्हणाले, "शेठ, छान झालं हो आज." मी समजलो, भाव पक्का झाला, सौद्याचा पुकारा ते सवडीने करतील. मी पुकाऱ्याची वाट पाहत राहिलो.

पुकारा झाला तो एका मासिकात. पुढच्या महिन्यात फराळाच्या वेळी चिंचेखाली बसून वकिलांनी स्वतःच तो वाचून दाखवला. मिठागराचे वर्णन होते, धुक्याचे होते, 'माझी दृष्टी सहज समोरच्या वाफ्याकडे गेली' असे होते. मास्तरांचे नाव दोनदा होते, कारकुनांचे एकदा. आणि शेवटी: आमचेसमवेत कल्याणचे एक गवताचे व्यापारी होते, त्यांच्या छकड्याचे बैल उत्तम असल्याने प्रवासाचा त्रास झाला नाही.

कारकुनांनी टाळ्या वाजवल्या.

"वकीलसाहेब," मी म्हटले, "एक राहिलं."

"काय हो शेठ?"

"पक्षी दाखवला कोणी ते."

"तुमचा उल्लेख केलाय की."

"माझ्या बैलांचा केलाय."

एक कारकून फिसकन हसला. वकिलांनी कागद नीट घडी करून खिशात ठेवला. "रागावू नका. आता असं बघा, पाहिलं म्हणजे काय? तुम्हाला काहीतरी पांढरं-काळं दिसलं असेल. नाही कोण म्हणतंय? पण चोच कोणी पाहिली? पुस्तकात कोणी शोधलं?"

"चोच पाहिली म्हणून तर पंजा दाबला मी!"

"कोणता पंजा?" वकील म्हणाले.

अगदी शांतपणे, भुवया उंच करून. कोर्टात असेच विचारीत असतील. मला वाटले, माझ्या कानाखाली कोणीतरी मारली.

"हत्ता!" मी ओरडलो. "उपरण्याखाली! दोन वर्षं!"

"कोणी पाहिला?" त्यांनी कारकुनांकडे पाहिले. "तुम्ही पाहिलात? तुम्ही? साक्षीदार कोण, शेठ?"

मी मास्तरांकडे वळलो. मास्तर केळीच्या पानावरचे पोहे बोटाने एकत्र करीत होते. "मी आपलं वकीलसाहेबांच्या तोंडून ऐकलं," ते म्हणाले, आणि पुन्हा पोह्यांकडे बघू लागले.

मी उठलो. माझा डबा तिथेच लाथाडला. "बैल उत्तम आहेत ना माझे? मग आता बैलांशिवाय जा!" म्हणून छकडा जुंपला आणि चौघांना दीड कोस चिखलातून चालायला ठेवून निघून आलो. त्याचे मला आजही वाईट वाटत नाही.

घरी बायको म्हणाली, "अहो, त्या पाखराला काय ठाऊक कोणी पाहिलं? ते काय तुमच्या नावाने उडणार होतं?" मी म्हटले, तू कढई बघ. दोन दिवसांनी मी मिठागरावर गेलो. त्या रविवारी एक म्हातारा आगरी शेजारच्या वाफ्यात बांध लिंपीत होता. त्याने आमचे हात पाहिले असतील, तो तरी सांगेल. म्हाताऱ्याने माझे सारे म्हणणे ऐकले आणि कंबरेवर हात ठेवून उभा राहिला.

"उलट्या चोचीचा? तो त दरसाल येतंय. माझा बापूस दाखवायचा मना. तुमी दोगं त्याच्यावर कनाला भांडताव, शेट?"

त्याच्या आधी मी पाहिला असे मी कधीच म्हणणार नाही, आणि ज्याचे त्याला द्यावे म्हणून हेही इथे लिहून ठेवतो. पण म्हाताऱ्याला ते पाखरू कोणाच्याही नावावर नको होते. मला हवे होते. माझ्या नावावर कुरणे आहेत, वखार आहे, बैल आहेत. त्यांतले एकही मी फुकट मिळवलेले नाही, आणि एकही असे नाही की ज्याकडे बघून मास्तर कोणाला मिठी मारतील.

त्यानंतर तीन रविवार मी गेलो नाही. ते तीन रविवार कसे गेले ते मला ठाऊक. वखारीत बसून मनात येई, आता खाडीकाठी पोचले असतील. आता वकिलाच्या डाव्या हाताला कोण उभे असेल? माझ्या जागी? त्या कारकुनाला बगळा आणि पांढरा दगड यांतला फरक कळत नाही. कळू नये अशीच माझी इच्छा होती. चौथ्या रविवारी मास्तरांची चिठ्ठी आली, झाले गेले विसरा, डोंबिवलीच्या खाडीवर या. मी गेलो. विसरायला नव्हे, बघायला गेलो.

वकील नेहमीप्रमाणे माझ्या उजव्या हाताला येऊन उभे राहिले, जणू मधे काही घडलेच नव्हते. आणि थोड्या वेळाने माझ्या उपरण्याखाली त्यांचा हात आला. ज्या हाताने 'कोणता पंजा' म्हणून विचारले, तोच हात, बोटे उघडी ठेवून वाट बघत होता. मी माझे दोन्ही हात अंगरख्याच्या बाह्यांत घातले.

तास गेला. वकील दुर्बीण इकडे लावीत, तिकडे लावीत. "आज धुकं फार आहे," म्हणाले. धुके नव्हते. एक कारकून म्हणाला, "वकीलसाहेब, आज नजर लागली वाटतं तुमच्या नजरेला!" मला इतका आनंद झाला की तो चेहऱ्यावर येऊ नये म्हणून मी खाली बघितले.

आणि तेव्हाच मला तो दिसला. समोर पाण्यात लव्हाळ्याचे बेट होते. वाऱ्याने सगळे लव्हाळे एकदम लवत, पण त्यांतले एक जरा उशिरा लवत होते. गवतात जन्म काढलेल्या माणसाला ते खटकते. मी डोळे बारीक केले. ते लव्हाळे नव्हते. चोच सरळ आभाळाकडे करून, गळ्यावरच्या उभ्या तपकिरी रेघा काड्यांत मिसळून, एक जाडजूड बगळ्याच्या जातीचा पक्षी उभा होता आणि वाऱ्याबरोबर डुलण्याचे सोंग करीत होता. तसा पक्षी मी आधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. आम्ही तिथे असेतो तो तसाच उभा होता, पंधरा हातांवर. पाच माणसे आणि एक दुर्बीण, आणि तो फक्त मला दिसत होता.

मी बोट हलवले नाही. तोंड उघडले नाही. मास्तरांनी तो पाहिला असता तर त्यांना किती आनंद झाला असता हे मला ठाऊक होते, तरी नाही. वकिलाला मिळू नये म्हणून मी तो कोणालाच दिला नाही. आता सांगतो तर कोणी मानीत नाही, आणि न मानणाऱ्यांना मी दोषही देऊ शकत नाही. ते नुकसानही मी वकिलाच्याच माथी मारतो.

परत जाताना मास्तर मुद्दाम मागे राहिले. स्टेशनाकडे जाणाऱ्या पायवाटेवर आम्ही दोघेच होतो.

"शेठ, आज तुम्ही हात दिला नाहीत," ते म्हणाले.

मी उभाच राहिलो. "कोणाला?"

"मी दोन वर्षं तुमच्या दोघांच्या मागं उभा असतो हो. आधी तुमचं उपरणं हलायचं, मग दुर्बीण उठायची. एकदाही उलटं झालं नाही."

"म्हणजे त्या दिवशी मिठागरावर..."

"उपरणं इतकं हललं की मला वाटलं साप आला."

"मग चिंचेखाली का नाही बोललात? मी तुम्हाला विचारलं, मास्तर! तुमच्याकडे बघून विचारलं!"

ते छत्रीच्या टोकाने मातीत रेघ ओढीत राहिले. "वकीलसाहेब शाळेच्या कमिटीवर आहेत. आणि ही मंडळी त्यांच्याभोवती जमते. ते उठून गेले तर रविवार संपले. तुमचं काय, तुम्हाला तुमचा धंदा आहे. तुम्हाला काय कमी पडणार होतं?"

मी त्यांना तसेच सोडून पुढे गेलो. त्यानंतर त्या मंडळींबरोबर मी कधी बाहेर पडलो नाही. एकटा जातो.

आता शेवटचे. वकिलाकडून मला काही नको. जे बोट दिले ते नाकारणारा माणूस उद्या हो म्हणाला तरी त्या होकाराची किंमत मी किती धरू? पण मास्तरांनी पाहिले होते. त्यांनी वर्गात त्या पक्ष्याची गोष्ट पोरांना सांगितली, आणि वकिलाच्या नावाने सांगितली, हे मला ठाण्याच्या निम्म्या घरांतून कळले आहे. ते आता पेन्शनीत आहेत, वाचायला त्यांना वेळ आहे, हे त्यांच्या हाती पडेल. शाळेच्या कमिटीची भीती आता उरलेली नाही. तर मास्तर, मी तुम्हाला नाव न घेता पण सगळ्यांसमोर विचारतो: त्या सकाळी दुर्बीण उठण्याच्या आधी तुम्ही काय पाहिले? आणि 'तुम्हाला काय कमी पडणार होतं' असे मला विचारण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? घरी येऊन समजूत घालू नका, चिठ्ठी पाठवू नका. ज्या मासिकात माझे बैल छापले, त्याच मासिकात उत्तर द्या.